उडी किती टाइलची, ते आधी ठरव

पत्र: आम्ही पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. प्रोजेक्ट म्हणून पाच जण मिळून गोडो ४ या गेम इंजिनमध्ये टू-डी गेम करतोय. दोघं कोडिंगला, एक चित्रांना, एक आवाजाला आणि मी गेम डिझायनर. गोष्ट अशी: भर पावसात गडावर खलिता पोचवणारा हरकारा, आणि पाऊस लागला की खलिता भिजत जातो. आठ लेव्हल, दुकान, संवाद आणि शेवटी किल्लेदाराशी सामना असं ठरलं होतं. मी चाळीस पानांचं डिझाइन डॉक्युमेंट लिहिलं, ते कुणी उघडलंसुद्धा नाही. आता आठ आठवडे उरलेत. परवा मीटिंगमध्ये आमचा प्रोग्रॅमर म्हणाला, ‘कल्पना तर सगळ्यांकडेच असतात, तू नेमकं काय करतेस?’ मला उत्तर देता आलं नाही.
– रिकामी डिझायनर
ता. क. गोडो सोडून युनिटी शिकू का? प्लेसमेंटला तेच विचारतात म्हणे.

उत्तर:

प्रिय रिकामी डिझायनर,

प्रोग्रॅमरचा प्रश्न बोचरा आहे, पण चुकीचा नाही. भिजणाऱ्या खलित्याची कल्पना झकास आहे. ती सुचली तो दिवस मात्र संपला. आता टीमला तुझ्याकडून आकडे हवेत. उडी किती उंच, दरी किती रुंद, किती सेकंदांत खलिता भिजून लगदा होणार. हे आकडे एकमेकांत अडकलेले असतात. एक हलवला की चार हलतात, आणि कोडिंगवाल्याला किंवा चित्रवाल्याला ते सगळे एकदम डोक्यात ठेवायला सवड नसते. ते सांभाळणं हे तुझं काम. कसं, ते तुमच्याच गेमवर बघू.

गोडोमध्ये कॅरेक्टरबॉडी-टूडीची, म्हणजे हलणाऱ्या पात्रासाठीच्या घटकाची, तयार स्क्रिप्ट घेतली की त्यात उडीचा वेग उणे ४०० आणि धावण्याचा ३०० (सेकंदाला पिक्सेल) असे आकडे आयते येतात. टू-डीचं गुरुत्व मुळात ९८० असतं. बहुतेक टीम यांना हात न लावता पुढे जातात. वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वाची दुप्पट केली की उंची साधारण ८२ पिक्सेल निघते. तुमची टाइल, म्हणजे लेव्हल रचायचा चौकोनी तुकडा, ३२ पिक्सेलची धरली तर ही उडी अडीच टाइलची झाली. म्हणजे तू कागदावर तीन टाइलची पायरी काढलीस तर हरकारा तिथे डोकं आपटत बसणार, आणि पहिली कुरबुर ‘कंट्रोल्स खराब आहेत’ अशी येणार.

म्हणून उलटीकडून निघायचं. उंची आणि वेळ तू ठरव, वेग आणि गुरुत्व त्यातून काढ. समजा उडी साडेतीन टाइलची, म्हणजे ११२ पिक्सेल हवी आणि वर पोचायला ०.४ सेकंद लागावा. गुरुत्व = २ × उंची ÷ (वेळ × वेळ), म्हणजे २२४ भागिले ०.१६, आले १४००. उडीचा वेग = २ × उंची ÷ वेळ, आले ५६०. गोडोत वरची दिशा उणे असते, म्हणून तिथे उणे ५६० टाकायचं. धावण्याचा वेग २०० ठेवला तर वर ०.४ आणि खाली ०.४, मिळून ०.८ सेकंद हवेत, तेवढ्यात १६० पिक्सेल पुढे. हरकाऱ्याची धडकचौकट (टक्कर मोजायची अदृश्य चौकट) २० पिक्सेल रुंद असेल तर मागची कड इकडच्या काठावर आणि पुढची कड पलीकडच्या काठावर, असे आणखी २० मिळतात. एकूण १८०. पाच टाइलची दरी १६० पिक्सेलची, त्यामुळे जेमतेम ०.१ सेकंदाची ढील उरते.

यावरून लेव्हलचं मोजमाप ठरतं. वर चढायला दोन टाइल सोप्या, तीन अवघड, चार कधीच नाही. दरी तीन टाइलची सोपी, चारची अवघड. पाचची दरी फक्त अशा ठिकाणी, जिथे पडलं तरी फारसं काही बिघडत नाही. हे एका कागदावर लिही आणि लॅबमधल्या मॉनिटरच्या कडेला चिकटव. चाळीस पानांपेक्षा हा कागद जास्त वाचला जाईल.

आता गंमत बघ. एक दिवस प्रोग्रॅमर म्हणेल, ‘उडी तरंगल्यासारखी वाटते,’ आणि खाली येतानाचं गुरुत्व दुप्पट करेल. त्याचं बरोबर आहे. उतरणं चढण्यापेक्षा जड असलं की उडी हाताला चांगली लागते, आणि बऱ्याच प्लॅटफॉर्म गेममध्ये तसंच करतात. पण आता उतरायला ०.४ ऐवजी ०.२८ सेकंद लागतात. हवेतला एकूण वेळ ०.६८, अंतर सुमारे १३६.५ पिक्सेल, त्यात चौकटीचे २० मिळवले की १५६.५. पाच टाइलची दरी १६० ची. साडेतीन पिक्सेल कमी! लेव्हलमधल्या पाच टाइलच्या सगळ्या दऱ्या एका रात्रीत बंद पडल्या, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही, कारण त्याने लेव्हल उघडलेलीच नाही.

अशा वेळी ‘पूर्ववत कर’ म्हणून भांडू नकोस. धावण्याचा वेग २३० कर. ०.६८ सेकंदांत १५७ पिक्सेल, अधिक २०, झाले १७७. दऱ्या पुन्हा खुल्या. वेग वाढला म्हणजे पावसातली अंतरंही बदलली, ती पुढे येतीलच. परवाच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. त्याला वहीत हे गणित करून दाखव. भाषण देण्याची गरज पडणार नाही.

कडेवरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी घेता यावी म्हणून जी सवलत देतात, तिला कोयोटी टाइम म्हणतात. ०.१ सेकंद पुरतो. गोडोची फिजिक्स सेकंदाला ६० वेळा चालते, म्हणजे सहा ठोके. जमिनीला टेकायच्या किंचित आधी दाबलेलं उडीचं बटणही तेवढाच वेळ लक्षात ठेवायला सांग. या दोन गोष्टी नसल्या तर खेळाडू म्हणतो, ‘मी दाबलं होतं!’ आणि त्याने खरंच दाबलेलं असतं. फक्त या सवलतीच्या भरवशावर दऱ्या आखायच्या नाहीत. ती चुकणाऱ्यासाठी राखून ठेवायची.

हे आकडे बदलायला दर वेळी प्रोग्रॅमरच्या खुर्चीमागे उभं राहावं लागत असेल तर तो वैतागणारच. त्याच्याकडून एकदाच तासभर मागून घे. उंची, वर जायचा वेळ, धावण्याचा वेग, उतरतानाचा गुणक आणि भिजण्याचा दर एवढे व्हेरिएबल एक्सपोर्ट करून दे, असं सांग. मग ते गोडोच्या इन्स्पेक्टर या सेटिंगच्या खिडकीत दिसतात आणि कोडला हात न लावता तुला बदलता येतात. इतकं झालं की रोजची निम्मी कटकट संपते.

आता खलिता. तुमच्या गेमचा जीव त्यात आहे, आणि उडीइतकंच त्याचंही गणित लागतं. भिजण्याचं माप शून्य ते शंभर ठेव. उघड्यावर सेकंदाला ४ ने वाढलं तर पूर्ण भिजायला २५ सेकंद. २०० च्या वेगाने हरकारा सेकंदाला सव्वासहा टाइल धावतो, म्हणजे कागदावर १५६ टाइल झाल्या. या आकड्यावर फसू नकोस. नवा माणूस थांबतो, चुकतो, मागे फिरतो. ५० टाइलचा एक टप्पा करून तीन नव्या लोकांना दे आणि घड्याळ लाव. सरळ धावलं तर आठ सेकंदांचा टप्पा आहे. त्यांना सरासरी अठरा लागले असं धर. मग दर ५० टाइलला एक कपार किंवा दरवाजातली देवडी ठेवली की सात सेकंदांचा दिलासा उरतो. पहिल्या लेव्हलला तो हवाच. तिसरीत तो तीन सेकंदांवर आण. वेग २३० केलास तर हे मोजणं पुन्हा.

आडोसा दिसलाही पाहिजे. तुमच्या गेमची स्क्रीन ६४० बाय ३६० पिक्सेलची असेल तर रुंदीत २० टाइल दिसतात. हरकारा मधोमध, म्हणजे पुढच्या दहाच. हे दीड-पावणेदोन सेकंदांचं अंतर आहे, आणि घाईत ते नसल्यासारखंच. कॅमेरा धावण्याच्या दिशेने तीन टाइल पुढे सरकवायला सांग, आणि कपारीत पणतीचा उजेड ठेव. करड्या पावसात पिवळा ठिपका लांबून कळतो. मात्र मग पिवळा रंग दुसरीकडे कुठेही वापरायचा नाही, हे चित्रवाल्याला पहिल्याच दिवशी सांगायचं. नाहीतर तो हौसेने पिवळी सोनकी फुलवून ठेवेल, आणि खेळाडू फुलांखाली आडोसा शोधत बसेल.

टीममधल्या लोकांना काम सांगायचं कसं, हा तुझा दुसरा अडथळा दिसतो. ‘कपारीत गेल्यावर छान वाटलं पाहिजे’ हे वाक्य तुला अर्थपूर्ण वाटतं. प्रोग्रॅमरसाठी त्यात काहीच नाही. त्याला असं हवं:

‘हरकारा आडोशाच्या क्षेत्रात शिरला की ०.५ सेकंदाने सुकणं सुरू. दर सेकंदाला १०. बाहेर पडताच सुकणं बंद आणि भिजणं लगेच सुरू. माप शून्याखाली जात नाही. शंभर झालं की शेवटच्या आडोशापासून पुन्हा, माप ३० वर. झालं हे कसं ओळखायचं: आडोशाच्या कडेवर दहा वेळा आत-बाहेर केलं तरी माप उडी मारत नाही.’

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच बहुतेक जण विसरतात. काम कधी पूर्ण झालं हे लिहिलेलं नसलं की ‘झालंय’ आणि ‘अजून नाही झालं’ यावर आठवडा जातो. तो अर्धा सेकंद कशासाठी, तेही सोबत एका ओळीत दे: कपारीतून नुसतं धावत गेलं तर सुकू नये, थांबावं लागावं. कारण कळलं की प्रोग्रॅमर कधीकधी तुझ्यापेक्षा सोपी वाट काढतो.

चित्रवाल्याला वेगळं लागतं. आकार किती पिक्सेल, पाय कुठे टेकतात, धावण्याच्या फ्रेम किती (आठ पुरेत), कोणत्या कडेवर उभं राहता येतं आणि कोणती नुसती सजावट. त्याच्या बाबतीत एक नियम कडकपणे पाळ: करड्या ठोकळ्यांची लेव्हल किमान तीन बाहेरच्या लोकांनी शेवटपर्यंत खेळल्याशिवाय तिचं एकही चित्र मागायचं नाही. चार दिवस खपून काढलेला बुरुज ‘आता दोन टाइल डावीकडे घे’ म्हणून सांगितलास की पुढच्या वेळी तो तुझा फोन उचलणार नाही, आणि त्यात त्याची चूक नसेल. आवाजवाल्याची तर बहुतेक टीम शेवटच्या आठवड्यात आठवण काढतात. त्याला आत्ताच तीन आवाज माग: पावसाचा, कपारीत दबलेल्या पावसाचा आणि खलिता भिजत आल्याचा. या तीन आवाजांनी मापाची पट्टी न बघताही खेळाडूला बरंच कळेल.

आता कापाकापी. आठ आठवड्यांत आठ लेव्हल, दुकान, संवाद आणि किल्लेदार होणार नाहीत. त्यातले दीड-दोन आठवडे सबमिशन आणि गॅदरिंग खाणार, हे तुलाही माहीत आहे. तीन लेव्हल ठेव. दुकान काढ, कारण दुकान आलं की पैसे आले, पैसे आले की किमतींचा तोल आला, आणि त्या तोलाला खेळून बघणारी माणसं लागतात. संवाद चार ओळींवर आण. किल्लेदाराशी सामना काढायला जड जाईल, पण बघ, हरकारा मुळात लढत नाही. अख्खा गेम जे करायला शिकवतो ते शेवटी वापरायचंच नाही, असा तो सामना आहे. त्याजागी शेवटची लेव्हल ढगफुटीत कर. भिजण्याचा दर ४ ऐवजी ७, म्हणजे हातात चौदा सेकंद. कोड तेच, आकडा नवा. कपारी मात्र जवळ घ्याव्या लागतील. ५० टाइलला अठरा सेकंद घेणारा माणूस चौदा सेकंदांत ३८-३९ टाइलच जातो, तेव्हा ३० टाइलला एक ठेव.

काटछाट म्हणजे पराभव वाटत असेल तर एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या डिजिपेन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये ‘नार्बॅक्युलर ड्रॉप’ नावाचा गेम केला. भिंतीवर दोन दारं उघडायची, एकातून शिरायचं, दुसऱ्यातून निघायचं, एवढीच त्याची मुख्य युक्ती. त्यातल्या राजकन्येचं नावच ‘नो-नीज’, गुडघे नसलेली, आणि तिला उडी मारताच येत नाही. नसलेली गोष्ट पात्राच्या नावातच बसवून टाकली! व्हॉल्व्ह कंपनीने त्या टीमला नोकरीवर घेतलं, आणि २००७ मध्ये ‘पोर्टल’ आला.

कापलेलं फेकू नकोस. ‘नंतर’ नावाच्या यादीत टाक. मीटिंगमध्ये कुणी नवी कल्पना काढली की तीही त्याच यादीत. ‘नाही’ म्हणण्यापेक्षा हे सोपं पडतं, शिवाय रिपोर्टमधलं ‘भविष्यातील वाव’ प्रकरण आयतं तयार होतं. कल्पना सोपी असेल आणि कुणी हट्टाला पेटलं तर अर्धा तास दे, ठोकळ्यांत करून बघा. अर्ध्या तासात दिसत नसेल तर यादीत.

खेळवून बघणं याच आठवड्यात सुरू कर. दर आठवड्याला तीन नवी माणसं. नवी म्हणजे खरंच नवी, कारण माणूस एकदाच पहिल्यांदा खेळतो. रूममेट पहिल्याच दिवशी खर्च करून टाकलीस तर शेवटच्या महिन्यात कुणाला आणशील? त्यांतला एक तरी असा असू दे, ज्याने फोनवरच्या क्रिकेटपलीकडे कधी गेम खेळलेला नाही. समोर बसव, ‘हे खेळून बघ’ एवढंच म्हण आणि गप्प राहा. हे सगळ्यात अवघड आहे. तो कपारीजवळून तीनदा धावत जाईल आणि तुझ्या तोंडून ‘अरे, थांब ना तिथे’ निसटेल. निसटलं की ती परीक्षा बाद, कारण गेम घरी घेऊन जाणाऱ्याबरोबर तू जाणार नाहीस. ओबीएसने स्क्रीन रेकॉर्ड कर आणि वहीत तीनच रकाने ठेव: वेळ, जागा, काय झालं. तिघांपैकी दोघं एकाच ठिकाणी अडकले तर दोष त्या जागेचा. एकच अडकला तर पुढच्या तिघांपर्यंत थांब.

खेळून झाल्यावर ‘आवडला का?’ विचारू नकोस. चहा पाजलेला माणूस ‘मस्त आहे’ म्हणणारच. ‘ती पट्टी कशाची आहे असं वाटलं?’ असं विचार. दोघांनी ‘जीव’ असं सांगितलं तर खलिता भिजतोय हे कळलेलंच नाही. मग पट्टी काढून कोपऱ्यात खलित्याचंच चित्र ठेव आणि त्यावरची शाई चार टप्प्यांत पसरू दे. आणि उपाय खेळाडूला विचारायचा नाही. तो ‘पाऊस कमी करा’ म्हणेल. त्याची अडचण खरी असते, औषध बहुधा चुकीचं.

गिटपासून, म्हणजे सगळ्यांचे फाइलमधले बदल जपणाऱ्या साधनापासून, लांब राहत असशील तर शिकून घे, दोन दिवसांचं काम आहे. गोडोच्या सीन फाइल साध्या मजकुराच्या असतात, तरी दोघांनी एकच सीन बदलला की जुळवताना डोकं उठतं. प्रत्येक लेव्हल वेगळा सीन, हरकारा वेगळा, कपार वेगळी. लेव्हल उघडण्याआधी ग्रुपवर एक ओळ: ‘लेव्हल २ माझ्याकडे.’ ‘.गोडो’ नावाचं फोल्डर गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलच्या यादीत) आहे का बघ. आणि गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, तेव्हा आवाजवाल्याचे मूळ रेकॉर्डिंग ड्राइव्हवरच राहू दे.

गेमची एक्झी, म्हणजे इंजिनशिवाय थेट चालणारी फाइल, या आठवड्यातच बनवा, आणि लॅबच्या सगळ्यात जुन्या मशीनवर चालवा. गोडो ४ चा फॉरवर्ड प्लस रेंडरर (पडद्यावर चित्र उमटवणारा भाग) जुन्या ग्राफिक्सवर रुसतो. तुमच्या टू-डी गेमला कम्पॅटिबिलिटी रेंडरर पुरतो, आणि हा बदल आज केलेला बरा, व्हायवाच्या सकाळी नाही. प्रोजेक्टरवरही एकदा लावून बघ. करड्यावर करडा पाऊस लॅपटॉपवर देखणा दिसतो, पण भिंतीवर काहीच दिसत नाही. परीक्षक स्वतः खेळले तर दुसऱ्या दरीतच पडत राहतील, म्हणून एक, दोन, तीन या बटणांवर थेट त्या त्या लेव्हलला जाण्याची सोय करून ठेवा. पाचव्या आठवड्याच्या शेवटी नवीन काहीही घालणं बंद. सातव्यात फक्त बग.

चाळीस पानांचं काय? गाइडना रिपोर्ट लागणारच, पण दोन डॉक्युमेंट सांभाळू नकोस. आजपासून एक शीट ठेव: तारीख, काय बदललं, आधी किती, आता किती, का. ‘उतरतानाचा गुणक १ वरून २, उडी तरंगत होती. वेग २०० वरून २३०, पाचच्या दऱ्या बंद पडल्या म्हणून.’ अशा पन्नास ओळी साठल्या की रिपोर्टचं डिझाइन प्रकरण त्यांतून दोन दिवसांत निघतं. इंटरव्ह्यूलाही हीच शीट ने. सोबत एकाच लेव्हलचे दोन व्हिडिओ ठेव, तिसऱ्या आठवड्यातला आणि शेवटचा. मधे काय बदललं आणि कुणाला अडकलेलं बघून बदललं, हे सांगता आलं पाहिजे. क्रेडिटमध्ये कोणाचं नाव कशासाठी येणार, हे मात्र पाचही जणांनी याच आठवड्यात लिहून ठेवा. शेवटच्या रात्री त्यावर बोलायची कुणाची मनःस्थिती नसते.

ता. क. ला ता. क.: आठ आठवडे हातात असताना इंजिन बदलायचं नाही. युनिटी सुट्टीत शीक, आणि सुरुवात म्हणून याच हरकाऱ्याची पहिली लेव्हल तिथे करून बघ. पण गोडोमधले पिक्सेलचे आकडे तसेच उचलू नकोस. युनिटीत युनिटमध्ये मोजतात, वरची दिशा अधिक असते, आणि तिथली फिजिक्स मुळात सेकंदाला ५० वेळा चालते, ६० नाही. एक टाइल म्हणजे एक युनिट धर, उंची साडेतीन, वेळ ०.४, आणि वरचं सूत्र पुन्हा मांड. गुरुत्व ४३.७५ आलं पाहिजे.